घेणाऱ्याची खुर्ची

आमच्या मेट्रनबाई प्रार्थना डोळे उघडे ठेवून करायच्या. पाळकसाहेब पुढे उभे राहून, मान खाली घालून परमेश्वराला आळवत असायचे आणि या शेवटच्या बाकावरून सगळ्यांकडे टक लावून बघत असायच्या. कोण पेंगतंय, कोणाचं पोर बाकाखाली शिरलंय, दाराशी कोण नवीन येऊन उभं राहिलंय. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "मी देवाला दिसले म्हणजे झालं. आणि डोळे मिटले की चपला जातात."

हे आपलं बोलण्यापुरतं. त्या स्वतः चपला घालतच नसत. पांढऱ्या साडीखाली बारा महिने तपकिरी कॅनव्हासचे बूट, आणि हातात पुरुषी काळी छत्री. ही छत्री उघडलेली मी फार क्वचित पाहिली. ती होती बोट दाखवायला, दार ठोठावायला, कुत्री हाकलायला आणि पाळकसाहेबांना आवरायला. पाळकसाहेब स्वभावाने गरीब, पण बोलायला लागले की थांबायचं कुठे हे त्यांना उमगत नसे. मागून छत्रीचं टोक फरशीवर वाजलं की त्यांचं 'आमेन' यायचं. जेवताना, औषध देताना, कोणाचा ताप बघताना, छत्री डाव्या बगलेत असायचीच. ती खाली ठेवा म्हटलं की म्हणायच्या, "ठेवली की मी बसले. आणि बसले की संपले."

नगरकडच्या कुठल्याशा मिशन हॉस्पिटलात सगळी नोकरी करून त्या निवृत्तीनंतर भिवंडीला का आल्या, हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. "इथे माशा जास्त आहेत म्हणून," असं एक उत्तर होतं. चर्चच्या मागे त्यांची एक खोली, पुढे पडवी, पडवीत औषधांची पत्र्याची पेटी. भेटलं की नमस्कार नाही, "सलाम" म्हणायच्या; नगरकडच्या ख्रिस्ती माणसांची तशीच रीत आहे. लूमवरून शिफ्ट सुटलेली माणसं तितक्याच सहज त्यांचा सलाम परत करून पुढे जायची. ही बाई कोणाची, कुठली, असा प्रश्न कोणाला पडलेला मी तरी पाहिला नाही.

मी त्या वेळी नगरपालिकेच्या मराठी शाळेत नुकती लागले होते. आमची बौद्धवस्ती चर्चच्या मागल्याच गल्लीत. चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात शाळेला सुट्टी होती आणि गावात दंगल पेटली. तेव्हाचं सगळं मी सांगत नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको, ज्यांनी नाही पाहिलं त्यांनी न पाहिलेलंच बरं. मला सांगायचंय ते नंतरचं. कर्फ्यू थोडा सैल झाल्यावर घरं जळालेली माणसं जिथे भिंत आणि नळ दिसेल तिथे शिरू लागली, आणि चर्चच्या आवाराला दोन्ही होतं.

हिंदू, मुसलमान, दोन्हीकडची माणसं आली. पहिले दोन दिवस एकमेकांकडे पाठ करून बसली. मेट्रनबाईंनी आवारात ताडपत्र्या बांधून घेतल्या, नळाला पिंप लावलं आणि मागल्या गल्लीत येऊन आमच्या दारावर छत्री ठोकली. "मास्तरीण आहे का घरात? सुट्टीत बसून वजन वाढवतेस का? चल."

आई मला आत ओढून हळूच म्हणाली, "जाऊ नको गं. ख्रिश्चन करून घेतील तुला."

हळूच म्हणजे आईच्या हिशेबाने हळूच. बाहेरून आवाज आला, "हिला ख्रिश्चन करून मी काय लोणचं घालू? कांदे चिरता येतात का विचारा तिला."

मी गेले. कांदे चिरले. तो सगळा उन्हाळा चिरले.

कॅम्पात त्यांचे दोन नियम होते आणि दोन्ही चमत्कारिक. पहिला असा, की 'बिचारा', 'बिचारी', 'बिचारे' हे शब्द उच्चारायला बंदी. कोणी चुकून म्हणालंच तर त्याने आवारातले संडास धुवायचे. मग तो मदतीला आलेला कॉलेजचा मुलगा असो, डॉक्टर असो की स्वतः पाळकसाहेब. पाळकसाहेबांनी एकदा प्रार्थनेत "हे प्रभू, या बिचाऱ्या लेकरांवर" एवढं म्हटलं आणि प्रार्थना संपल्यावर गुपचूप बाह्या वर करून बादली उचलली. त्यांची बायको फाटकाशी उभी राहून पदरात तोंड लपवून हसत होती.

दुसरा नियम खुर्चीचा. चर्चमध्ये एक मोठी सागवानी खुर्ची होती, रुंद हातांची, वेताच्या बैठकीची. बिशप वर्षा-दोन वर्षांनी यायचे, त्या दिवसापुरतं तिच्यावरचं फडकं निघायचं. मेट्रनबाईंनी ती ओढत बाहेर आणली आणि आवारातल्या जांभळाच्या सावलीत मांडली. मुंबईहून एका संस्थेचे मदतीचे ट्रक येत होते. भांडी, धान्य, कपडे. ते घ्यायला जो येईल त्याने त्या खुर्चीत बसायचं. देणाऱ्याने समोर जमिनीवर बसायचं आणि खालून वर द्यायचं, दोन्ही हातांनी. आणि देण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: "काय नको?"

"काय पाहिजे असं विचारा ना," मी म्हटलं.

"त्यांचं सगळं जळलंय. पाहिजे विचारलं तर काय सांगतील? रडतील नुसती," मेट्रनबाई म्हणाल्या. "नको म्हणू दे एकदा. नको म्हणता आलं की माणूस घरमालक होतो."

ऐकायला हे छान वाटतं. प्रत्यक्षात ते भयंकर वेळखाऊ होतं. भर उन्हात कडेवर पोरं घेऊन बायका थांबलेल्या आणि इथे एकेक जण खुर्चीत बसून, कावराबावरा होऊन, आपल्याला काय नको ते आठवतोय. मी वैतागून म्हणायची, "मेट्रनबाई, रांग लावा, तासाभरात उरकेल." त्या म्हणायच्या, "रेशनचं दुकान काढलंय का मी?" आमची यावरून कडाक्याची भांडणं झाली. काही दिवशी माझंच बरोबर होतं असं मला आजही वाटतं. उन्हात पोरं कोमेजतात, त्यांना तुमच्या तत्त्वाचं काय! पण हेही खरं, की पहिल्या दिवशी खुर्चीत नुसती टेकणारी बाई तिसऱ्या दिवशी नीट मागे रेलून बसायची. कामतघरच्या एका तेलुगू बाईने तर देऊ केलेलं पातेलं उलटंपालटं करून, ठोकून बघितलं आणि "हे नको, पातळ आहे" म्हणून परत दिलं. मेट्रनबाई इतक्या खूश झाल्या की दिवसभर ज्याला त्याला सांगत सुटल्या, जणू त्यांच्या नातवाला पहिला नंबर मिळाला होता.

गावागावांतूनही माणसं काही ना काही आणायची. खारबावची एक म्हातारी टोपलीभर तांदळाच्या भाकरी घेऊन आली. तिला जमिनीवर बसून द्यायचं म्हटल्यावर ती फतकल मारून बसली आणि म्हणाली, "आमच्या घरान कुठं खुर्ची हाय? आमी खालीच बसताव, बाय. यात सांगाचा काय हाय?" मेट्रनबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघ. हिला शिकवावं लागलं नाही."

मुंबईच्या साहेबांना मात्र शिकवावं लागलं.

पण त्याआधी हनीफभाईबद्दल सांगायला हवं. हनीफभाईचे स्वतःचे चार लूम होते. मोठा शेठ नाही, पण मालक. लूमही गेले, घरही गेलं. बायको झुबेदा आणि मुलं वाचली. तो कॅम्पात आला तो एक गोणी घेऊन. गोणीत लूमच्या शेडमधून उचलून आणलेलं अर्धवट जळकं सूत होतं. कोपऱ्यातल्या भिंतीशी तो त्या गोणीला टेकून बसायचा, सगळ्यांकडे पाठ करून, अंगात तोच धुराने काळा पडलेला सदरा. झुबेदा खुर्चीत बसून घ्यायची, मुलांना खाऊ घालायची. हा नळाचं पाणी प्यायचा. ओळखीचं कोणी आलं आणि मूठभर चणे दिले तर खायचा, नाहीतर नाही.

मेट्रनबाई त्याच्याकडे गेल्या तर मान न वळवता म्हणाला, "हमको खैरात नहीं चाहिए, मेट्रनबाई. हमारे यहाँ चार आदमी काम करते थे. हमने हाथ नहीं फैलाया कभी."

"हात नको पसरू," त्या म्हणाल्या. "खुर्चीत बस. हात खाली मी पसरते."

"नहीं."

असे चार-सहा दिवस गेले. झुबेदा स्वयंपाकाच्या जागी येऊन माझ्याजवळ रडली. "दीदी, ये मर जाएगा. इसको बोलो ना कुछ." तो नळापर्यंत जाताना भिंत धरून जायला लागला होता. मी मेट्रनबाईंना म्हटलं, नियम बाजूला ठेवा, त्याच्यापुढे ताट नेऊन ठेवा. त्या म्हणाल्या, "ठेवलं मी काल. परवाही ठेवलं. मांजराने खाल्लं." आणि रिकामं ताट उचलून नळाकडे गेल्या.

त्याच दुपारी आम्ही दोघी भांडी घासत होतो, तेव्हा आपणहून बोलल्या. लहानपणी त्यांच्या भागात दुष्काळ पडला. आई हाताला धरून चालवत मिशनच्या आवारात घेऊन गेली. तिथे रांग होती. एका मडमेने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, हनुवटी धरून तोंड वर केलं आणि शेजारच्या बाईंना काही सांगितलं. त्या बाईंनी मराठीत म्हटलं, "बिचारी पोर." "चांगल्या होत्या गं दोघी," मेट्रनबाई म्हणाल्या. "जेवू घातलं, शिकवलं, नर्स केलं. पण त्या बोर्डिंगात मला नाव असं उरलंच नाही. बिचारी इकडे ये, बिचारीला फ्रॉक द्या. मी पहिली आले तरी बिचारी पहिली आली. डोक्यावर पांढरी टोपी चढली तेव्हा कुठे तो शब्द उतरला." एवढं बोलून त्यांनी पातेलं उन्हात धरून पाहिलं आणि मला म्हणाल्या, "हे घासलंस होय? परत घास."

तर मुंबईचे साहेब. संस्थेच्या ऑफिसातले मोठे अधिकारी, अंगाने भरभक्कम, बरोबर फोटोग्राफर. वाटप आपल्या हातांनी करायची त्यांची इच्छा होती. त्या दिवशीच्या ट्रकमध्ये कांबळी आली होती. मे महिन्यात, भिवंडीत, कांबळी! आवारात शिरल्या शिरल्या साहेब घाम पुसत जांभळाच्या सावलीकडे गेले आणि सहजच त्या खुर्चीत बसायला लागले.

"साहेब," मेट्रनबाईंनी छत्री आडवी धरली, "ती घेणाऱ्याची खुर्ची आहे. आपण देणारे. आपली जागा खाली."

साहेबांना ती थट्टा वाटली. ते हसले आणि बसले.

वेत जुना होता. इतक्या माणसांनी बसून आधीच सैल झालेला. कर्रकन आवाज झाला आणि साहेब बैठकीतून आरपार खाली गेले. गुडघे छातीशी, पाय वर, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर आणि चेहऱ्यावर अतिशय आश्चर्य. फोटोग्राफरने सवयीने फोटो काढला.

मेट्रनबाई त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि गंभीरपणे म्हणाल्या, "बोला साहेब. काय नको?"

आधी एक पोर हसलं. मग ती कामतघरची बाई. मग ताडपत्रीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे हसले, दोन्हीकडचे. आल्यापासून पहिल्यांदाच. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि काहींचं ते पाणी हसणं थांबल्यावरही थांबलं नाही. कोपऱ्यात बघितलं तर हनीफभाईने मान वळवली होती.

साहेबांना चौघांनी उपसून काढलं. माणूस मनाचा मोठा असावा. कपडे झटकून ते खरोखरच जमिनीवर बसले आणि संध्याकाळपर्यंत खालून वर सामान देत राहिले. जो तो बसायला साधं स्टूल घ्यायचा आणि "काय नको?" विचारलं की एकच उत्तर यायचं, "कांबळं नको." जाताना साहेब म्हणाले, "ऑफिसला सांगतो." पुढच्या ट्रकमध्ये चादरी आल्या.

साहेब गेल्यावर मेट्रनबाईंनी ती मोडकी खुर्ची स्वतः ओढत नेली आणि हनीफभाईच्या शेजारी भिंतीशी टाकली. त्याच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. अडगळ टाकावी तशी टाकली आणि निघून गेल्या. मला वाटलं, रागाने टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कांदे घेऊन बसले तर हनीफभाई खुर्ची उलटी करून उरलेला वेत उपटत होता. मग त्याने गोणी उघडली. जळकं सूत सोडवायचं, चांगलं निवडायचं, मांडीवर पीळ देऊन दोर करायचा. झुबेदा एक टोक धरून लांब उभी राहायची. बोटं चुकत नव्हती. चौकटीच्या भोकांतून आडवं, मग उभं, मग तिरपं. दुपारी आजूबाजूची माणसं गोळा झाली. कामतघरच्या बाईचा नवराही विणणाराच. तो बराच वेळ लांबून बघत होता, मग पुढे येऊन काही न बोलता दुसऱ्या बाजूने दोर ताणून धरला. हनीफभाईने त्याच्याकडे पाहिलं आणि "कस के पकड़ो" एवढंच म्हणाला. पांढऱ्या सुताच्या विणीत मधेच एखादा करपलेला तपकिरी धागा येत होता. तो त्याने मुद्दाम ठेवला की निघाला नाही म्हणून राहिला, मला माहीत नाही.

दिवस कलायला आला तेव्हा वीण पुरी झाली. त्याने खुर्ची सरळ केली, मुठीने बैठक ठोकून पाहिली. विणणाऱ्या माणसाला तेवढ्याने समाधान होत नाही. तो वळला आणि जोर बघायला स्वतः तिच्यात बसला.

मेट्रनबाई कुठून आल्या देव जाणे. त्या त्याच्यासमोर बसलेल्या होत्या, छत्री बगलेत, आणि दोन्ही हातांत भाताचं ताट. "बसलास," त्या म्हणाल्या. "आता सांग. काय नको?"

हनीफभाई उठणार होता. खुर्चीच्या हातांवर त्याने जोर दिलाही. मग त्याचं लक्ष आपल्याच विणीकडे गेलं. शेवटी म्हणाला, "कंबल नको," आणि ताट घेतलं. झुबेदाने रडत रडत पाण्याचा तांब्या त्याच्याजवळ आणून ठेवला. मीही रडले, सांगायला लाज कसली. मेट्रनबाई तेवढ्या उठून तावातावाने नळाकडे गेल्या आणि उगाचच कोणावर तरी ओरडल्या.

कॅम्प पावसाआधी मोडला. माणसं पांगली. हनीफभाई आधी दुसऱ्याच्या लूमवर ड्युटी करायला लागला आणि पुढे काही वर्षांनी त्याने पुन्हा स्वतःचे लूम टाकले. खुर्ची चर्चमध्ये परत गेली. बिशप आले की सुताच्या बैठकीवर बसायचे. वीण सैल झाली की हनीफभाई न बोलावता यायचा आणि नवी करून द्यायचा. पण तो करपलेला धागा जुन्या विणीतून सोडवून पुन्हा नव्या विणीत घालायचा. मेट्रनबाई आणि तो पडवीत चहा पीत भांडत बसायचे, त्या मराठीतून, तो त्याच्या हिंदीतून. भांडणाचा विषय बहुतेक चहात साखर किती हा असायचा.

अशी दहा-बारा वर्षं गेली असतील. वडप्याकडे, अंजूरकडे शेतांत गोडाऊनं उठायला लागली होती. मी आमच्या शाळेची मुख्याध्यापिका झाले होते. मेट्रनबाई वाकल्या होत्या आणि छत्रीला आता टेकायचं कामही लागलं होतं. त्या साली श्रावणात पावसाने थांबायचं नावच घेतलं नाही. वर नदी फुगलेली, खाली खाडीला भरती, पाणी जाणार कुठे! सखल भागात घराघरांतून शिरलं. आमची शाळा उंचावर, म्हणून माणसं वर्गावर्गांतून आणून बसवली. दुपारी पाळकसाहेबांनी चौघांच्या मदतीने मेट्रनबाईंना आणलं. त्यांच्या खोलीची मागची भिंत बसली होती. औषधांची पेटी, बिछाना, बायबल, सगळं पाण्यात. त्या पहाटेपासून गळ्यापर्यंत भिजलेल्या, अंगात ताप, दात वाजत होते.

मी त्यांना कोरडं फडकं द्यायला पुढे झाले. तेवढ्यात मागून आमच्या शाळेतली नवी शिक्षिका, चांगली मुलगी, कळवळून म्हणाली, "अगंबाई, बिचारी म्हातारी! एकटीच आहे का हो? नाही तिला कोणी?"

मेट्रनबाईंनी ऐकलं. त्यांना ऐकू कमी यायचं, पण हा शब्द त्यांनी भिंतीपलीकडूनही ऐकला असता. त्यांनी माझा हात बाजूला केला, छत्री टेकत टेकत व्हरांड्यात गेल्या आणि खांबाला टेकून उभ्या राहिल्या. साडी निथळत होती.

"मेट्रनबाई, कपडे बदला."

"नको."

"चहा?"

"नको."

"निदान बसा तरी."

"नको म्हटलं ना? मी दुसऱ्याला द्यायला उभी राहणारी बाई. मला काही नको."

डॉक्टर येऊन गेले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "या वयात असा ताप, अंगावर ओलं. छातीत भरलं तर हाती लागायच्या नाहीत. आधी कोरडं करा." पाळकसाहेबांनी हात जोडले. मी चिडले, ओरडले, माझ्या पदाचा धाकही घालून पाहिला. माणसाला नको म्हणता आलं पाहिजे, हे त्यांनीच मला शिकवलेलं, आता ते कुठल्या तोंडाने मोडून काढू? त्यांचे ओठ निळे पडत चालले होते. नव्या शिक्षिकेला तिचं काय चुकलं ते मी सांगितलं. ती बादली घेऊन संडास धुवायला गेली खरी, पण त्याने मेट्रनबाईंचा ताप उतरणार नव्हता.

तेवढ्यात फाटकातून हातगाडी आली. खालच्या गुडघाभर पाण्यातून ती ढकलत आलेला हनीफभाई, दाढी पांढरी झालेली, आणि गाडीवर ताडपत्रीखाली ती खुर्ची. तो मेट्रनबाईंना बघायला चर्चमध्ये गेला होता. त्या नव्हत्या, खुर्ची पाण्यात आडवी पडली होती, म्हणून घेऊन आला. छातीशी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं एक गाठोडं होतं. झुबेदाने दिलेलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मेट्रनबाईंकडे पाहिलं. काय झालं असेल ते त्याला विचारावं लागलं नाही. त्याने खुर्ची व्हरांड्यात मांडली, आपल्या खांद्यावरच्या पंच्याने बैठक पुसली आणि स्वतः समोर ओल्या फरशीवर मांडी घालून बसला. गाठोडं सोडून दोन्ही हातांवर धरलं. कोरडी सुती साडी, झुबेदाची शाल, आणि एक कांबळं.

"बैठो, मेट्रनबाई."

"मला काही नको, हनीफ."

"मेरे को भी नहीं बैठना था," तो म्हणाला. "आपने बिठाया था ना? अभी हमारा हाथ नीचे है. देखो." त्याचे हात उचलून धरून अवघडायला लागले होते, पण त्याने ते खाली घेतले नाहीत. मग त्याने त्याला येणाऱ्या मराठीत, त्यांच्याच आवाजात विचारलं, "सांगा. काय नको?"

मेट्रनबाईंनी खुर्चीकडे पाहिलं. थंडीने वाकडी झालेली बोटं बैठकीवरून फिरवली आणि विणीतल्या त्या करपलेल्या धाग्याशी थांबल्या. पलीकडे नवी शिक्षिका रिकामी बादली घेऊन उभी होती, डोळे लाल.

"बिचारी नको," मेट्रनबाई म्हणाल्या. "बाकी सगळं दे."

आणि त्यांनी छत्री भिंतीला टेकवून ठेवली आणि बसल्या.